ठरीव साचा आणि एक निर्भय कन्या

गतशतकाच्या मध्यास मुंबई व तिच्या उपनगरांतील कॅथॉलिक कुटुंबांत सभ्यतेचा एक ठरीव साचा असे. इंग्रजी शिक्षण, कायमची नोकरी, वेळेवर विवाह आणि राजकारणापासून चार हात दूर राहणे, एवढे साधले म्हणजे आईबाप कृतार्थ होत. शिवाय पोर्तुगीज सत्तेस विरोध म्हणजे जणू धर्मासच विरोध, ही समजूत सालाझारचे सरकार जोपाशीत असे.

हा साचा लिबिया लोबो ह्यांनी मोडला. त्यांचा जन्म १९२४ चा. शिक्षण मुंबईत झाले. ऑगस्ट १९५५ मध्ये गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला लिबियाबाई व वामन सरदेसाई ह्यांनी आंबोलीच्या रानातून गुप्त नभोवाणी सुरू केली. पुढे ती कॅसलरॉकहून चालली. कोकणी व पोर्तुगीज भाषांतील तो आवाज डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत थांबला नाही. अविवाहित कन्येने घर सोडून सहा वर्षे असे रानात काढणे, हे त्या काळी केवढे धाडस, हे वडीलमंडळींस सांगणे नको! पुढे १९६४ मध्ये उभयतांचा विवाह झाला. २०२५ साली सरकारने बाईंस पद्मश्री दिली.

गोव्याचा महामार्ग आमच्या पनवेलीहूनच फुटतो. १९७० मध्ये सिडको स्थापन झाल्यावर येथील भातशेतांच्या जागी वसाहती उठल्या, आणि त्यांच्यासवे तोच जुना साचा आमच्याही घरांत आला. म्हणून ह्या महोत्सवप्रसंगी आम्ही पालकांस विनवितो: मुलाने मान हलविली नाही की लगेच त्यास उद्धट म्हणू नये. जे बंड स्वसुखासाठी नसून परक्याच्या सुटकेसाठी असते, त्यास आमच्या धर्मात शेजारप्रीती असेच नाव आहे.