तंबू कुठे ठोकायचा? शेनांडोआ राष्ट्रीय उद्यान आणि ५७.५ व्या मैलावरचा मुक्काम

१/ डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानात मुक्कामाला निघालेला माणूस कॅम्पग्राउंड निवडताना काही ठरावीक गोष्टी पाहतो. पाणी किती जवळ आहे, जमीन सपाट आहे का, सावली किती, वारा कुठून येतो, शेजारी गर्दी किती. १९४० च्या सुमारास अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या शेनांडोआ राष्ट्रीय उद्यानाकडे निघालेल्या कृष्णवर्णीय कुटुंबाला हे प्रश्न विचारून फारसा उपयोग नव्हता. त्याच्या तंबूची जागा उद्यानाच्या नकाशावर आधीच ठरलेली होती. ती कोणी ठरवली, कशी ठरवली आणि तो नकाशा बदलायला किती वर्षे लागली, याचा हा इतिहास.

२/ आधी भूगोल. ब्लू रिज ही अ‍ॅपलाचियन पर्वतातील एक लांबलचक रांग. वॉशिंग्टन शहरापासून मोटारीने काही तासांत तिथे पोहोचता येते. या रांगेच्या माथ्यावरून उत्तर-दक्षिण धावणारा रस्ता म्हणजे स्कायलाइन ड्राइव्ह. लांबी १०५ मैल, म्हणजे सुमारे १६९ किलोमीटर. बांधकाम १९३१ मध्ये सुरू झाले, मधला टप्पा १९३४ मध्ये खुला झाला आणि १९३९ मध्ये संपूर्ण रस्ता पुरा झाला. रस्त्यावरच्या मैलांची मोजणी उत्तरेकडील फ्रंट रॉयलपासून होते. पुढच्या कथेत हे मैलांचे आकडे महत्त्वाचे आहेत.

३/ हे उद्यान निर्जन अरण्यात उभे राहिले नाही. अमेरिकन काँग्रेसने १९२६ मध्ये त्याला मान्यता दिली, परंतु जमीन मिळवण्याचे काम राज्य सरकारवर सोपवले. व्हर्जिनियाने १९२८ मध्ये सरसकट भूसंपादनाचा कायदा केला आणि जमिनीचे हजाराहून अधिक तुकडे ताब्यात घेतले. डोंगरात राहणाऱ्या साडेचारशेहून अधिक कुटुंबांना घरे सोडावी लागली. काही वृद्धांना तेवढी अखेरपर्यंत राहण्याची मुभा मिळाली. डिसेंबर १९३५ मध्ये उद्यान अधिकृतपणे अस्तित्वात आले आणि ३ जुलै १९३६ रोजी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी बिग मेडोज येथे त्याचे लोकार्पण केले.

४/ लोकार्पण कोणत्या लोकांना, हा प्रश्न तेव्हाच उभा होता. व्हर्जिनियात वंशभेद ही कायद्याने बांधलेली व्यवस्था होती. १८९६ च्या ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ या तत्त्वाला मान्यता दिली होती. १९२६ मध्ये, म्हणजे उद्यानाला मान्यता मिळाली त्याच वर्षी, व्हर्जिनियाने सार्वजनिक सभागृहांत आणि करमणुकीच्या ठिकाणी गोरे व कृष्णवर्णीय यांना वेगळे बसवणे सक्तीचे करणारा कायदा केला.

५/ उद्यानाची जमीन मात्र आता संघराज्य सरकारची होती. तिथे राज्यातला रिवाज चालवायचा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार वॉशिंग्टनकडे होता. राष्ट्रीय उद्यान सेवेने सोपा मार्ग निवडला: स्थानिक रिवाजाशी जुळवून घ्यायचे. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून नियोजनाच्या कागदांत कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी स्वतंत्र जागेचा विचार दिसू लागतो. उद्यानाच्या मध्य भागात, ५७.५ व्या मैलावर, एक जागा पक्की झाली: लुईस माउंटन.

६/ मोटारीचा संदर्भ इथे लक्षात घ्यायला हवा. दक्षिणेतील रेल्वेत कृष्णवर्णीयांना वेगळ्या डब्यात बसावे लागे. ज्यांना परवडे त्यांनी म्हणूनच मोटार जवळ केली. आपल्या गाडीत कोणी ‘उठ’ म्हणत नाही. पण गाडी कुठेतरी थांबतेच. पेट्रोल, जेवण, स्वच्छतागृह आणि सर्वांत कठीण म्हणजे रात्रीचा मुक्काम. न्यूयॉर्कमध्ये राहणारे आणि टपालवाटपाची नोकरी करणारे व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ मध्ये ‘ग्रीन बुक’ काढले, ते याच अडचणीवर. कुठे जागा मिळेल याची ती यादी होती, आणि ती तीस वर्षे निघत राहिली.

७/ तंबू घेऊन निघण्यामागे त्यामुळे दुहेरी कारण असू शके. हॉटेलचे दार बंद होईल, पण स्वतःचा तंबू, स्वतःची चूल आणि स्वतःचे अंथरूण असेल तर माणूस कोणाच्या दाराशी उभा राहत नाही. गोऱ्या प्रवाशाला कॅम्पिंग म्हणजे शहरापासून सुटका. कृष्णवर्णीय प्रवाशाला ती अपमानापासूनही सुटका ठरू शकली असती. मात्र तंबू ठोकायलाही जमीन लागते, आणि जमिनीवर पाटी होती.

८/ आता मैल मोजू. वॉशिंग्टनकडून येणारी गाडी बहुधा थॉर्नटन गॅपच्या फाटकातून आत येई; तिथे मैल ३१.५. दक्षिणेकडे निघाले की ३६.७ व्या मैलावर पिनॅकल्सची पिकनिकची जागा. ४१ मैलांच्या पुढे स्कायलँड, उद्यानाच्याही आधीपासूनचे जुने विश्रामस्थान. ५१ व्या मैलापाशी बिग मेडोज, रूझवेल्ट यांनी भाषण केलेले मोठे कुरण. तिथला लॉज १९३९ मध्ये सुरू झाला. रात्र काढण्यासाठी कृष्णवर्णीय कुटुंबाला यांपैकी कुठेही थांबता येत नसे. फाटकापासून २६ मैल, म्हणजे जवळजवळ ४२ किलोमीटर घाटवळणे पार केल्यावर त्यांची पाटी येई: ‘लुईस माउंटन निग्रो एरिया’. हा शब्द त्या काळी सरकारी वापरात होता.

९/ लुईस माउंटनचे कॅम्पग्राउंड आणि पिकनिकची जागा १९३९ मध्ये, तर लॉज १९४० मध्ये सुरू झाला. जागा वाईट होती असे म्हणता येणार नाही. तिथे झाडी होती, उंचीवरची थंड हवा होती, भोजनगृह होते, राहण्याच्या छोट्या खोल्या होत्या. अनेक कुटुंबे तिथे आनंदाने गेली आणि तिथल्या सुट्यांच्या आठवणी त्यांनी जपल्या. इतिहास लिहिताना हा आनंद खोडून टाकण्याचे कारण नाही. लोकांनी आपल्या वाट्याला आलेल्या जागेत आपले जग उभे केले.

१०/ मात्र ‘वेगळे पण समान’ या कल्पनेचा दोष नेमका अशाच बऱ्या जागेत स्पष्ट दिसतो. लुईस माउंटन सुंदर असेलही; पण तिथे येणाऱ्याने ती बिग मेडोजशी तुलना करून निवडलेली नव्हती. बिग मेडोज रिकामे असो वा लुईस माउंटन भरलेले असो, त्याला दुसरी जागा नव्हती. समानता जागेच्या दर्जावर मोजली जात होती. निवडीचा अधिकार त्या मोजमापात धरलेलाच नव्हता. १९४० मध्ये वॉशिंग्टन शहराच्या लोकसंख्येत एक चतुर्थांशाहून अधिक लोक कृष्णवर्णीय होते. राजधानीच्या जवळचे हे डोंगरी उद्यान त्यांच्यासाठी एका टेकडीपुरते होते.

११/ या व्यवस्थेच्या शिरोभागी कोण होते, हे पाहिले की गुंता वाढतो. उद्याने ज्यांच्या खात्यात येत ते गृहखात्याचे मंत्री हॅरॉल्ड इकेस. (अमेरिकेचे हे ‘इंटिरियर’ खाते पोलिसांचे नव्हे, सरकारी जमिनींचे.) मंत्री होण्यापूर्वी इकेस नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’ या संघटनेच्या शिकागो शाखेचे अध्यक्ष राहिले होते. ९ एप्रिल १९३९ रोजी गायिका मॅरियन अँडरसन यांनी लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर सुमारे पाऊण लाख श्रोत्यांसमोर गाणे म्हटले. त्यांना एका सभागृहाने वर्णामुळे नकार दिल्यावर ही जागा इकेस यांनी खुली केली होती. स्मारक राष्ट्रीय उद्यान सेवेच्याच ताब्यात होते. त्याच सेवेने त्याच वर्षी लुईस माउंटनची पाटी लावली.

१२/ या विसंगतीवर आतून बोट ठेवणारा अधिकारी म्हणजे विल्यम जे. ट्रेंट ज्युनियर. १९३८ मध्ये ते कृष्णवर्णीयांच्या प्रश्नांवरील सल्लागार म्हणून इकेस यांच्या खात्यात आले. त्यांनी उद्यानांतील वेगळेपणाविरुद्ध सातत्याने दबाव ठेवला. परिणामी शेनांडोआतील एक जागा प्रयोग म्हणून सर्वांसाठी खुली करण्यात आली: पिनॅकल्सची पिकनिकची जागा. आता चित्र असे झाले की एकच कुटुंब ३६.७ व्या मैलावर गोऱ्यांच्या शेजारी बसून दुपारचे जेवण करू शके. पण झोपायला त्याने ५७.५ वा मैल गाठायचा. दिवसा एक नियम, रात्री दुसरा.

१३/ १९४२ मध्ये इकेस यांनी उद्यानांतील वंशभेद संपवण्याची भूमिका घेतली. तोवर अमेरिका महायुद्धात उतरली होती. पेट्रोलचे रेशनिंग आले, प्रवास आटला, उद्यानात बांधकाम करणारी तरुण कामगारांची ‘सीसीसी’ योजना गुंडाळली गेली. आदेशाची खरी कसोटी लागायला रस्त्यावर माणसेच उरली नव्हती. युद्ध संपल्यावर डिसेंबर १९४५ मध्ये खात्याने उद्यानांतील भेदभावाला मनाई करणारा नियम प्रसिद्ध केला. लॉज व भोजनगृहे चालवण्याचा ठेका खाजगी कंपनीकडे होता, त्यामुळे कागदावरचा नियम जेवणाच्या टेबलापर्यंत आणि खोलीच्या किल्लीपर्यंत पोहोचायला आणखी काळ गेला. शेनांडोआतील सर्व सोयी खऱ्या अर्थाने सर्वांना खुल्या झाल्या त्या १९५० पर्यंत.

१४/ आदेश आणि अंमल यांच्यातले हे अंतर मराठी वाचकाला परके नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असे त्यात होते. धर्मशाळा, म्हणजे प्रवाशाच्या मुक्कामाची जागा. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यावे लागले, आणि तळ्याचा न्यायालयीन निकाल उच्च न्यायालयात लागायला १९३७ साल उजाडले.

१५/ या दोन इतिहासांची तुलना समकालीनांनाही सुचली होती. १९४६ मध्ये आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले आणि दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला. ड्यू बॉइस यांनी तर १९२० मध्येच ‘डार्कवॉटर’ या ग्रंथात ग्रँड कॅन्यनसारख्या स्थळांच्या भव्यतेशेजारी दक्षिणेतील वंशभेदी रेल्वेप्रवासाचे वर्णन ठेवले होते. निसर्ग कोणाला अडवत नाही. तिथवरच्या वाटेवर आणि तिथल्या मुक्कामावर अडवणूक होते, हे त्यांना ठाऊक होते.

१६/ जात आणि वंश एकच नव्हेत. त्यांची मुळे आणि बंधने वेगळी आहेत. पण दोन्हीकडे झगडा पाणी, वाट आणि मुक्काम यांसारख्या साध्या गोष्टींवर झाला, हे मात्र लक्षणीय आहे. सत्ता मोठ्या घोषणांमध्ये जितकी असते, तितकीच ती कोणी कुठे थांबायचे या पाटीमध्ये असते. म्हणून वंशभेदाचा अभ्यास करणाऱ्याने न्यायालयाच्या निकालांसोबत उद्यानांचे नकाशे, पाट्या आणि ठेकेदारांचे करारही वाचले पाहिजेत.

१७/ लुईस माउंटन आजही आहे. सुमारे ३० तंबूंची जागा असलेले ते शेनांडोआतील सर्वांत लहान कॅम्पग्राउंड. बिग मेडोजमध्ये दोनशेहून अधिक जागा आहेत, म्हणून गर्दी टाळू पाहणारे प्रवासी मुद्दाम लुईस माउंटनकडे वळतात. आकार लहान, म्हणून शांतता जास्त, असा त्यांचा साधा हिशेब असतो.

१८/ त्या हिशेबात काही गैर नाही. उलट, १९३९ मध्ये त्या टेकडीवर पाठवलेल्या माणसांना जे नाकारले गेले, ते हेच होते: दोन जागा शेजारी ठेवून, सावली आणि गर्दी पाहून, आपल्या मर्जीने तिसरीच निवडण्याची मुभा. ५७.५ व्या मैलावर आज तंबू ठोकणाऱ्याला ती सहज मिळते. ती मिळवायला त्या पाटीनंतर सुमारे अकरा वर्षे लागली.