तीन चकत्या आणि काळा दगड

मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली छायाचित्रण शिकवण्याचा एक वर्ग निघाला. आदल्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थही या नव्या नादाला लागले होते. हरिश्चंद्र चिंतामण हे याच वर्गात शिकले आणि पुढे मुंबईत तसबिरी काढण्याचा धंदा करू लागले. फोटो काढणे ही बाकावर बसून, गुरूकडून शिकण्याची विद्या आहे, असे मानणारी ती पिढी होती. आज खिशातल्या फोनला बोट लावले की तसबीर तयार होते. मग यात शिकायचे ते काय, असे माझे सातवीतले विद्यार्थी मला विचारतात. त्यांचा प्रश्न रास्त आहे.

मी मात्र पंचेचाळिशीत ही विद्या शिकायला बसलो आहे. गेल्या वर्षी एक नवा डिजिटल कॅमेरा घेतला. त्याच्यावर तीन फिरत्या चकत्या आहेत, दहाबारा कळा आहेत, आणि बरोबर आलेली पोथी साडेचारशे पानांची आहे. घेण्याचे कारण असे की आमचे कुरुंदे, म्हणजे त्या काळचा परभणी जिल्हा आणि १९९९ पासूनचा हिंगोली जिल्हा, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. ते राज्य डोळ्यांनी पाहिलेली माणसे गावात आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्या वेळी दहा वर्षांचे असलेले पोर आज नव्वदीच्या घरात आहे. त्यांच्यातल्या पुष्कळांची तसबीर म्हणून जी काही आहे, ती एखाद्या सरकारी कार्डावरची, टिकलीएवढी. एक आजी मला म्हणाल्या, ‘मास्तर, कार्डावर महं तोंडच उठलं नाही. नुसता काळा डाग आला बघा.’ त्या चेहऱ्याचा डाग का झाला, याचा शोध घेता घेता मी इतिहासात शिरलो.

कॅमेऱ्याच्या तीन चकत्या म्हणजे तीन प्रश्न आहेत. भोक केवढे ठेवायचे? ते किती वेळ उघडे ठेवायचे? आणि आत जो पडदा आहे तो प्रकाशाला किती हळवा असावा? तीनही प्रश्न मिळून उत्तर एकच निघते, म्हणजे आत किती उजेड नोंदला जाणार ते. पण या तीन प्रश्नांचा जन्म एकाच दिवशी झालेला नाही.

भोकाचा प्रश्न जुना. आज चकती फिरवली की भिंगाच्या पोटातल्या पातळ पाकळ्या मिटतात किंवा उघडतात. १८५८ साली जॉन वॉटरहाउस याने जी युक्ती काढली तिच्यात पितळेच्या पट्ट्या असत. प्रत्येक पट्टीला वेगळ्या आकाराचे भोक, आणि हवी ती पट्टी भिंगाच्या खाचेत सरकवायची. नव्या कॅमेऱ्यावरचे आकडे पाहून माझे विद्यार्थी गोंधळतात: १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. हा कुठला पाढा? मी त्यांना फळ्यावर वर्तुळाचे क्षेत्रफळ काढून दाखवले. भोकाचे क्षेत्रफळ निम्मे करायचे तर व्यास दोनाच्या वर्गमुळाने, म्हणजे १.४१४ ने भागावा लागतो. आकडा जितका मोठा तितके भोक बारीक, आणि प्रत्येक पायरीला उजेड निम्मा. वर्गमूळ जन्मात कुठे उपयोगी पडते, असे विचारणाऱ्या एका मुलाचे तोंड त्या दिवशी बंद झाले, हा माझा खाजगी आनंद.

वेळेचा प्रश्न आधी हातानेच सुटत असे. भिंगावरची टोपी काढायची, मनात आकडे मोजायचे आणि टोपी पुन्हा बसवायची. सेकंदाचा हजारावा भाग मोजणारे यंत्र त्या वेळी कोणाला हवेच नव्हते, कारण काच इतकी मंद होती की तिला सेकंदच्या सेकंद लागत. म्हणून जुन्या तसबिरींतली माणसे खुंटीसारखी ताठ बसलेली दिसतात. ती रागीट नव्हती. हलायचे नाही एवढीच ताकीद त्यांना मिळालेली असे.

तिसरा प्रश्न, काचेच्या हळवेपणाचा, हाच खरा कळीचा. तो समजून घ्यायला आपल्याच मराठवाड्यात, अजिंठ्याला जावे लागते.

मद्रासच्या फौजेतला अधिकारी रॉबर्ट गिल याला १८४४ साली अजिंठ्याची भित्तिचित्रे उतरवून घेण्याच्या कामावर नेमले. वर्षानुवर्षे त्या लेण्यांच्या अंधारात बसून त्याने तैलरंगांत मोठमोठ्या नकला केल्या. त्या लंडनला गेल्या, आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसला आग लागली तेव्हा त्यांतल्या बहुतेक जळून गेल्या. पुढे जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून तेच काम नव्याने केले. त्यांच्याही अनेक नकला १८८५ साली लंडनच्याच दुसऱ्या एका आगीत गेल्या. दोन माणसांची उमेदीची वर्षे दोन आगींनी खाल्ली. गिलने मात्र मधल्या काळात कॅमेराही हाती घेतला होता, आणि त्याने काढलेल्या लेण्यांच्या छायाचित्रांचे पुस्तक जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह १८६४ साली निघाले. छायाचित्राच्या प्रती अनेक निघतात. एक जळाली तरी दुसरी उरते. गिल १८७९ साली वारला, त्याला भुसावळला पुरले.

गिलच्या हयातीत चालत असलेली रीत ही ओल्या काचेची. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ साली ती प्रसिद्ध केली. काचेवर कोलोडियन नावाचा चिकट द्रव पसरायचा, ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच अंधाऱ्या तंबूत धुऊन चित्र उमटवायचे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो द्रव किती लवकर सुकत असेल, याची कल्पना वैशाखात वाळवण घालणाऱ्या कोणत्याही बाईला येईल.

पण तिचा मोठा दोष वेगळाच होता. ती काच रंगांधळी होती. तिला निळा आणि जांभळा उजेड दिसे. पिवळा आणि तांबडा जवळजवळ दिसतच नसे. म्हणून त्या काळच्या चित्रांत आभाळ कोरे पांढरे येते आणि गेरू काळा येतो. अजिंठ्याच्या भिंतींवर गेरू आणि पिवळी माती यांचेच राज्य आहे. म्हणजे लेण्यातला अंधार बाजूला ठेवला तरी ती काच त्या चित्रांना न्याय देऊ शकत नव्हती. आमच्या भागाच्या भाषेत सांगायचे तर हळद त्या काचेवर काळी येई. ज्या वसमत तालुक्यात शेतात हळद, अंगणात हळद आणि नवरदेवाच्या अंगालाही हळद, तिथला हळदीचा नवरदेव त्या काचेवर काजळ फासल्यासारखा उमटला असता.

आणि आपली कातडी? तिच्यातून परतणाऱ्या उजेडात तांबडा-पिवळा भाग अधिक, निळा थोडा. म्हणजे आपले पणजोबा त्या काचेवर होते त्याहून पुष्कळ काळे उमटत. साहेबाची गोरी कातडी मात्र निळ्याचाही बराच भाग परत पाठवी. एका तसबिरीत साहेब आणि त्याचा पट्टेवाला शेजारी उभे असले तर दोघांतले अंतर काच आपल्या पदरचे वाढवून दाखवी. यात कोणाचा कावा नव्हता, रसायनच तसे होते. पण परिणाम व्हायचा तो झालाच. १८७३ साली फोगेल या जर्मन रसायनज्ञाने काचेच्या लेपात रंग मिसळून तिला हिरव्या-पिवळ्याची नजर दिली. तांबड्यासह सगळे रंग पाहणाऱ्या काचा १९०६ च्या सुमारास बाजारात आल्या. तरी गावोगावच्या स्टुडिओंत जुनी, तांबडे न दिसणारी फिल्म पुढेही बरीच वर्षे वापरात राहिली. आपल्या घरी आजीची जुनी तसबीर असेल तर पाहा. तिचे कुंकू बहुधा डांबराच्या थेंबासारखे काळे असेल.

अजिंठ्याचे रंग नीट पकडायला विसावे शतक उजाडले. हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांनी छायाचित्रांवर आधारलेले अजिंठ्याचे चार भाग १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध केले. सुरुवात झाली तेव्हा निजाम गादीवर होता. चौथा भाग निघाला तेव्हा ते राज्यच उरले नव्हते. पुढे १९९१ साली बिनॉय बहल यांनी लेण्यांतल्या अंधुक उजेडातच, फार वेळ भोक उघडे ठेवून, ती चित्रे रंगांत टिपली. आज अजिंठ्यात झगमगाटी फ्लॅशला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. त्यामुळे तिथे जाणाऱ्या हौशी माणसाला तिसरी चकतीच तारते. तिच्यावरचे आकडे १००, २००, ४०० असे दुपटीने चढतात. अमेरिकेत १९४३ साली आणि त्याआधी जर्मनीत या हळवेपणाची वेगवेगळी मापे ठरली, आणि १९७४ साली ती एक झाली. पूर्वी हळवेपणा बदलायचा तर फिल्मची गुंडाळीच बदलावी लागे; आता तो चित्रागणिक बदलतो. फार चढवला तर चित्रात रवा दिसू लागतो, ही त्याची किंमत.

इथपर्यंत आल्यावर कोणी म्हणेल की एवढा खटाटोप कशाला, कॅमेऱ्याला ‘ऑटो’वर ठेवा, तो तिन्ही चकत्या आपोआप फिरवील. फिरवतो खरा. पण कशाच्या आधारावर? कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाला समोर काय आहे हे मुळात कळत नाही. तो असे धरून चालतो की जगाची सरासरी काढली तर ती मध्यम राखाडी येते. औंढा नागनाथच्या देवळाच्या भिंती काळ्या पाषाणाच्या. ऑटोवर त्यांची चित्रे काढा, दगड धुरकट राखाडी येईल. उलट पांढरेशुभ्र धोतर-सदरा घातलेले आजोबा चुन्याच्या भिंतीशी बसवा, यंत्र म्हणेल उजेड फार झाला आणि सगळेच मळकट करून टाकील. नव्या कॅमेऱ्यांना चेहरा ओळखता येतो हे खरे, पण ओसरीत बसलेल्या म्हातारीच्या मागे अंगणातले ऊन पेटलेले असले की त्यांचीही त्रेधा उडते. आजींच्या कार्डावरचा काळा डाग तो हाच असावा. यंत्राने उन्हाला मान दिला आणि आजींना सावलीत ढकलले.

रंगीत फिल्मच्या काळातही हेच होते. १९५०च्या दशकापासून कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी नमुन्याचे कार्ड पाठवी. त्यावर एका गोऱ्या बाईचे चित्र असे आणि तिची कातडी नीट आली की रंग बरोबर, असा हिशोब. गडद रंग नीट येत नाहीत ही तक्रार चॉकलेट आणि लाकडी सामान विकणाऱ्यांनी केली, तेव्हा कुठे कंपनीने फिल्म सुधारण्याकडे लक्ष दिले. माणसांच्या चेहऱ्यांआधी मेजखुर्च्यांची दाद लागली!

पोथीत एक छोटी खूण आहे, अधिक-उणे अशी. मापकाला जे मध्यम वाटते त्यापेक्षा जास्त किंवा कमी उजेड घे, असे तिच्याने सांगता येते. साडेचारशे पानांत तिला जेमतेम दोन पाने आहेत, पण माझे निम्मे काम तिच्यावर चालते. काळ्या दगडाला उणे एक. चुन्याच्या भिंतीला अधिक एक. ओसरीतल्या आजीला अधिक दीड किंवा दोन, मग मागचे ऊन पांढरे होऊन वाहून गेले तरी जाऊ दे. छिद्र ४ वर ठेवतो, म्हणजे मागची पत्र्याची भिंत धूसर होते. म्हाताऱ्यांचे हात थरथरतात, म्हणून वेळ सेकंदाच्या सव्वाशेव्या भागाहून सैल सोडत नाही. उजेड कमी पडला तर हळवेपणा चढवतो आणि रवा पत्करतो.

त्या आजींची नवी तसबीर मी हिंगोलीहून मोठी छापून आणली. त्यांनी ती खिडकीशी नेली, बराच वेळ पाहिली, आणि हनुवटीवरच्या गोंदणाच्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवले. ते नव्या चित्रात निळसर हिरवे आले होते. ‘हे मह्या मायनं नागनाथाच्या जत्रंत काढून घेतलेलं,’ त्या म्हणाल्या. ‘तवा निजामाचा पैसा चालायचा.’ मी लगेच वही उघडली. ही जत्रा कुठल्या सालची ते त्यांना सांगता येईना, पण त्या वर्षी ज्वारी बुडाली होती एवढे आठवत होते.