तीन जिवांची कुळकथा

1931 साली शिकागोच्या डेव्हिड गॉटलिबनं 'बॅफल बॉल' हे यंत्र बाजारात आणलं. एक पेनी टाकायची, मोजक्या गोळ्या मिळायच्या, त्या संपल्या की खेळ खलास. व्हिडिओ गेममधल्या 'लाइफ'चा मूळपुरुष मला या गोळीत दिसतो. 1947 साली 'हम्प्टी डम्प्टी' या पिनबॉलमध्ये गोळी परत वर उडवणारे फ्लिपर आले आणि खेळाचा स्वभावच पालटला. आता गोळी वाचवणं खेळणाऱ्याच्या हातात होतं. ती हातची गेली की जीव हळहळायचा, पुढची मात्र नेटानं खेळावीशी वाटायची.

1978 मध्ये जपानच्या तैतो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' हा व्हिडिओ गेम घडवला, तेव्हा गोळ्यांच्या जागी तीन तोफा आल्या. एकाच फटक्यात खेळ संपला तर गिऱ्हाईक चिडून निघून जाणार. दहा जीव दिले तर एकच पोरगा यंत्र अडवून बसणार. तीनमध्ये पहिला जीव अंदाज घेण्यात जातो, दुसरा शिकण्यात, आणि तिसऱ्याला खरी लढाई होते. हिशेब दुकानदाराचा होता, पण त्यातून नाट्य उभं राहिलं.

1985 च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'नं जिवांचा हा खेळ घरोघर नेला. घरी नाणं टाकायची फटच नव्हती, तरी तीन जीव टिकले. नाणी पडद्यावर गेली आणि शंभर गोळा केली की एक जीव मिळू लागला. आपल्याकडे कॅसेटवर 'काँट्रा' खेळलेल्या पिढीला तीस जीव देणारी बटणांची गुरुकिल्ली आजही तोंडपाठ असेल. बाद झालेला गडी पुन्हा उठतो, हे कबड्डी खेळणाऱ्या मुलांना नवं नव्हतंच.

जेक कॅस्डनच्या 'जुमांजी: वेलकम टू द जंगल' (2017) या चित्रपटात हेच तीन जीव हातावर रेघा होऊन उमटतात. जुन्या गेममध्ये ओढली गेलेली चार मुलं परक्या देहांत वावरतात. मोबाइलवेडी बेथनी तर जॅक ब्लॅक या नटाच्या देहात अडकते. तिला पाणघोडा गिळतो आणि ती आभाळातून धप्पकन खाली येते, तेव्हा थिएटर हसतं. पण वीस वर्षं तिथं अडकलेल्या अ‍ॅलेक्सला डास चावतो, तो मरू लागतो, आणि बेथनी त्याच्या तोंडात श्वास फुंकते. तो वाचतो, तिच्या हातावरची एक रेघ मात्र पुसली जाते. पुढं चौघांतली मार्था तर सापांच्या गराड्यात जाणूनबुजून एक जीव खर्च करते, कारण मेल्यावर आपण वरून कुठं पडणार हे तिला ठाऊक असतं. नाण्याच्या बदल्यात मोजून मिळणारा जीव दुसऱ्यासाठी देताही येतो, ही या हसऱ्या चित्रपटाची मोठी कमाई आहे, आणि म्हणूनच तो मला निव्वळ धांगडधिंगा वाटत नाही.

त्याच वर्षी 'सुपर मारिओ ऑडिसी' आला आणि मारिओनं मोजके जीव सोडून दिले. आता तो मेला की फक्त दहा नाणी जातात.