घरच्याच राखणदाराला नवी नजर

‘कॅन्सरच्या पेशंटचं रक्त काढतात, त्यातल्या पेशींना शिकवतात आणि परत अंगात सोडतात म्हणे, हे खरं का?’ असं आपल्यातल्या काहींनी आम्हाला विचारलं. खरं आहे. त्याची गोष्ट मात्र सव्वाशे वर्षांहून जुनी आहे, आणि ती एका मुलीपासून सुरू होते.

1890 साली बेसी डॅशिएलच्या हाताला साधी दुखापत झाली. वय सतरा. दुखणं हटेना, तेव्हा कळलं की हाडाचा कॅन्सर आहे. विल्यम कोली या तरुण सर्जनने तिचा हात कापला, तरी 1891च्या जानेवारीत ती गेली. कोलींना ते फार लागलं. दवाखान्याची जुनी दप्तरं चाळताना त्यांना एक माणूस सापडला. त्याच्या मानेची गाठ ताप आणणाऱ्या कातडीच्या रोगानंतर विरून गेली होती. म्हणजे अंगातलीच कुठली तरी ताकद जागी झाली होती! मग कोली मुद्दाम रोगजंतू टोचू लागले. काही बरे झाले, काही त्या जंतूंनीच दगावले. पुढे किरणोपचार आले आणि कोलींची पद्धत मागे पडली.

ती ताकद कोणती? आपल्या रक्तात टी-पेशी असतात. त्या अंगाच्या राखणदार. पण राखणीचं कुत्रं घरच्या माणसावर भुंकत नाही, आणि कॅन्सरची पेशी ही घरचीच, फक्त बिघडलेली. म्हणून राखणदार तिला सोडून देतो.

1989 साली इस्राएलच्या वाइझमन संस्थेत झेलिग एश्हार आणि गिडिऑन ग्रॉस यांनी तोड काढली. अँटीबॉडीचा नेमकं पकडणारा तुकडा त्यांनी टी-पेशीला जोडला. राखणदाराला जणू नवे डोळे बसवले. पण ते पहिले राखणदार फार दिवस तग धरत नसत. त्यांना टिकाऊ करण्यात पुढची कितीतरी वर्षं गेली.

2012च्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात सहा वर्षांच्या एमिली व्हाइटहेडला तिच्याच बदललेल्या पेशी दिल्या गेल्या. तिचा रक्ताचा कॅन्सर केमोथेरपीनंतरही दोनदा उलटला होता. पेशी दिल्यावर ताप चढला, रक्तदाब घसरला, पोरगी व्हेंटिलेटरवर गेली. तपासणीत इंटरल्यूकिन-6 नावाचा पदार्थ रक्तात बेसुमार वाढलेला दिसला. संशोधक कार्ल जून यांच्या मुलीला लहानपणापासून संधिवात. त्यामुळे याच पदार्थाला आवर घालणारं संधिवाताचं औषध त्यांना ठाऊक होतं. ते दिलं आणि एमिली वाचली. वडील घरचं दुखणं इतकं बारकाईने जाणून होते, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं.

2017 साली अमेरिकेने या उपचाराला मान्यता दिली. किंमत 4,75,000 डॉलर. आपले तीन कोटींच्या वर!

आता या आपल्या पवईत. डॉ. राहुल पुरवार 2013 साली अमेरिकेतून परतून आयआयटी मुंबईत रुजू झाले. त्यांच्या प्रयोगशाळेत अलका द्विवेदी ही विद्यार्थिनी पीएच.डी. करत होती. अलका, अथर्व करुळकर आणि बाकीच्यांनी हा उपचार इथेच घडवला. पीएच.डी. म्हटलं की आपल्याला जाड पुस्तकं आठवतात. इथे पेशी वाढवायच्या असतात. विरजण लावताना आपण ऊब सांभाळतो ना, तशीच ऊब, पण 37 अंशांवर नेमकी, आणि एकही परका जंतू शिरता कामा नये. परदेशी उपचारात उंदराच्या अँटीबॉडीचा तुकडा वापरलेला होता. इथल्या चमूने तो माणसाच्या जवळचा करून घेतला.

2021च्या जूनमध्ये टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रात पहिल्या बालरुग्णाला या पेशी दिल्या गेल्या. 2023च्या ऑक्टोबरमध्ये सरकारी मान्यता मिळाली आणि 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत उपचाराचं लोकार्पण झालं. नाव नेक्सकार-19. चाचण्यांमध्ये 64 रुग्ण होते. ज्यांचा परिणाम मोजता आला, त्यांतल्या 73 टक्के जणांमध्ये आजार मागे हटला. म्हणजे चौघांतल्या एकाला तरी उपयोग झाला नाही, हेही ऐकून ठेवा.

आणि खर्च? सुरुवातीला 30 ते 40 लाख सांगितला गेला. अमेरिकेच्या मानाने दहावा हिस्सा, अशी वाहवा झाली. कौतुक आम्हालाही आहे. पण ज्या घरी केमोच्या गाडीभाड्यासाठी मंगळसूत्र गहाण पडतं, त्या घराला हा दहावा हिस्साही आभाळाएवढाच.

आणखी एक. हा उपचार आज काही ठरावीक रक्ताच्या आणि लसिका ग्रंथींच्या कॅन्सरसाठी आहे. तोही पहिले उपचार करूनही आजार उलटला किंवा हटलाच नाही, तर. स्तनाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर तो चालत नाही. तसं सांगून कुणी पैसे मागत असेल, तर देऊ नका. निरोगी बी-पेशीही यात मरतात, म्हणून नंतर जंतुसंसर्गाला फार जपावं लागतं.

तुमच्या घरी कुणाचा रक्ताचा कॅन्सर उलटला असेल, तर सगळे जुने रिपोर्ट तारखेवार एका पिशवीत लावा आणि डॉक्टरांना सरळ विचारा, ‘कार-टी आमच्या माणसाला लागू पडेल का? आणि पैशाची मदत कुठून मिळेल?’