अफूची किल्ली आणि मेंदूचें कुलूप

पालघर जिल्ह्यांतील तारापूर हें नांव आज अणुवीजकेंद्रामुळें सर्वतोमुखीं झालें आहे. तें केंद्र १९६९ सालीं सुरू झालें. शेजारच्या बोईसरच्या औद्योगिक वसाहतींत रसायनें व औषधी द्रव्यें तयार करणारे अनेक कारखाने आहेत. परंतु औषध आणि विष या दोन्ही नांवांस सारखेंच पात्र असलेल्या एका द्रव्याशीं या किनाऱ्याचा संबंध त्याहून कितीतरी जुना आहे. तें द्रव्य म्हणजे अफू.

पोर्तुगीज अमदानींत तारापूरचा किल्ला दमणच्या हुकमतींत मोडत असे. त्याच काळांत, १५६३ सालीं, गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा हिंदुस्थानांतील औषधींवरील संवादरूप ग्रंथ गोव्यांत छापला गेला. त्यांत अफूचेंही विवेचन आहे. आपल्या वैद्यकासही हें द्रव्य अपरिचित नव्हतें. शार्ङ्गधरसंहितेसारख्या मध्ययुगीन ग्रंथांत तें ‘अहिफेन’ या नांवानें येतें. अफूनें वेदना शमते, झोंप लागते आणि अतिसार थांबतो, हें वैद्यांस ठाऊक होतें. एकाच चिकाच्या अंगीं इतके भिन्न गुण कां असावेत, हें मात्र कोणासच सांगतां येत नव्हतें.

१७३९ च्या जानेवारींत चिमाजी अप्पांच्या फौजेनें तारापूर जिंकलें. बाजी भिवराव रेठरेकर तेथेंच कामास आले. दमण मात्र पोर्तुगीजांकडे राहिलें, तें थेट १९६१ पर्यंत. हा राजकीय अपवाद पुढें व्यापाऱ्यांच्या पथ्यावर पडला. बंगालच्या अफूचा मक्ता ईस्ट इंडिया कंपनीकडे होता, आणि माळव्याची अफू आपल्या हातावर तुरी देऊन चीनला जाऊं नये अशी तिची खटपट असे. तेव्हां माळव्याचा माल राजपुतान्यांतून सिंधेंत, कराचीहून गलबतांनीं दमणास आणि तेथून मकावकडे जाऊं लागला. अखेर कंपनीनें नमतें घेऊन मुंबईमार्गे जाणाऱ्या मालावर परवान्याचा कर बसविला. १८४३ सालीं इंग्रजांनीं सिंध घेतल्यावर तर दमणचा हा व्यापार बसलाच. मुंबईच्या भरभराटींत अफूचा वाटा मोठा आहे. ज्या जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीनें १८४५ सालीं मुंबईचें प्रसिद्ध रुग्णालय उभें राहिलें, त्यांच्या संपत्तींतही चीनच्या अफूव्यापाराचा भाग होता.

चीनला जाणारी अफू घरींही शिल्लक राहिली. १८६४ सालीं गुजरातकडील लोहमार्ग पालघरच्या पट्ट्यांतून मुंबईस जाऊन मिळाला. मुंबईंत गिरण्या वाढल्या, आणि कामावर जाणाऱ्या आयांपुढें तान्ह्या मुलांचा प्रश्न उभा राहिला. त्यावर सांपडलेला उपाय म्हणजे अफूमिश्रित ‘बाळगोळी’. गोळी दिली कीं मूल दिवसभर निजून राही, त्याला भूकही फारशी लागत नसे. १९२० नंतर गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी झाली तेव्हां ही चाल सर्रास आढळली. मात्रा किंचित् अधिक झाली तर तें मूल पुन्हां जागें होत नसे. आईचा हेतु मुलाला निजविण्याचा. पण तीच गोळी त्याचा श्वास कां थांबवीत असे?

या कोड्याचा पहिला धागा जर्मनींत हातीं आला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं सेर्ट्यूर्नर या औषधविक्रेत्यानें अफूंतून मॉर्फिन वेगळें केलें. परंतु खरा प्रश्न पुढेंच होता. एका वनस्पतीच्या चिकासाठीं मनुष्याच्या मेंदूंत जागा राखून ठेवलेली असावी, हें कसें? तशी जागा आहे, हें १९७३ सालीं अमेरिकेंत कँडेस पर्ट व सॉलोमन स्नायडर, आणि स्वतंत्रपणें एरिक सायमन, तसेंच स्वीडनमध्यें लार्स टेरेनियस यांनीं दाखवून दिलें. मज्जापेशींच्या पृष्ठभागावर असलेल्या या प्रथिनांस ‘ग्राही’ म्हणतात. ग्राही हें कुलूप मानलें, तर मॉर्फिन ही त्यांत बसणारी परकी किल्ली होय.

मग घरची किल्ली कोणती? ती १९७५ सालीं स्कॉटलंडांतील ॲबर्डीन येथें जॉन ह्यूझ व हान्स कोस्टरलिट्झ यांना सांपडली. त्यांची कसोटी मोठी साधी होती. गिनीपिगच्या आंतड्याचा तुकडा विजेच्या झटक्यानें आकुंचन पावतो, आणि मॉर्फिनमुळें तें आकुंचन मंदावतें. डुकराच्या मेंदूचा अर्कही तोच परिणाम घडवितो, आणि मॉर्फिनचा उतारा असलेल्या नॅलोक्झोननें तो परिणाम नाहींसा होतो, असें त्यांस दिसलें. त्या अर्कांतून प्रत्येकीं पांच अमिनो आम्लांचीं बनलेलीं दोन लहान पेप्टाइडें निघालीं. त्यांस ‘एन्केफालिन’ हें नांव मिळालें. लवकरच एंडॉर्फिन व डायनॉर्फिन हीं त्यांचीं भावंडेंही उजेडांत आलीं.

आतां जुनें कोडें उलगडतें. हे ग्राही मज्जारज्जूंत आहेत. तेथें ते वेदनेचा निरोप अडवितात. ते आंतड्यांत आहेत. म्हणून अतिसार थांबतो. आणि मेंदूच्या तळाशीं जेथून श्वासाची लय चालते, तेथेंही ते आहेत; म्हणून बाळगोळी श्वास थांबवीत असे. शरीर स्वतःचें एन्केफालिन गरजेपुरतें सोडतें आणि क्षणांत त्याचें विघटन करतें. मॉर्फिन मात्र दीर्घकाळ कुलुपांत अडकून राहतें. तें वारंवार आलें तर पेशी त्याच्या संवयीनें स्वतःला बदलून घेतात. मग तोच परिणाम साधण्यास मात्रा वाढवावी लागते, आणि ती बंद होतांच जुलाब, अस्वस्थता व निद्रानाश सुरू होतात. व्यसन म्हणजे केवळ मनाची दुर्बलता नव्हे. त्याला पेशींतही मूळ आहे.

या ज्ञानाचा दुसराही एक धडा आहे. अफूच्या भयानें १९८५ सालीं भारतांत अमली पदार्थांचा कडक कायदा झाला. त्या कायद्याच्या परवान्यांचें जंजाळ असें कीं कर्करोगानें तळमळणाऱ्या रुग्णांसही मॉर्फिन मिळेनासें झालें. २०१४ सालीं कायद्यांत दुरुस्ती करून ही वाट थोडी मोकळी करण्यांत आली. दमणच्या गलबतांच्या काळीं अफू मोजली जाई ती नफ्यानें, पुढें ती मोजली जाऊं लागली भयानें. तिचें खरें माप मात्र रुग्णाच्या वेदनेशीं आणि त्याच्या श्वासाशीं जुळलें पाहिजे. तें माप वैद्याच्या हातीं असेल, तर एकेकाळीं मुलांचा जीव घेणारें हेंच द्रव्य मरणाच्या दारीं असलेल्या माणसाला शांत झोंप देऊं शकतें.