किमान देय रक्कम

क्रेडिट कार्डाचे महिन्याचे विवरणपत्र घरी येते, त्यावर दोन आकडे ठळक छापलेले असतात. एक एकूण देय रकमेचा आणि दुसरा किमान देय रकमेचा. पहिला पाहून छाती दडपते; दुसरा पाहून जीव भांड्यात पडतो. नव्या संसाराची मांडामांड, बाळंतपण, मुलाचा शाळाप्रवेश, मध्येच वडिलांचे इस्पितळ, अशा खर्चांनी ओढल्या गेलेल्या तरुण जोडप्याला तो दुसरा आकडा देवासारखा धावून आल्यासारखा वाटतो. लाख रुपयांच्या देण्यापोटी पाच हजार भरा आणि महिनाभर निश्चिंत व्हा! श्रोतेहो, ह्या लहानशा आकड्याचा इतिहास मला आज आपणांपुढे मांडायचा आहे. तो इतिहास एका जुन्या प्रश्नाशी जाऊन भिडतो. घेतलेल्या कर्जाला शेवट असावा काय, आणि असल्यास तो कोणी ठरवावा?

आपल्याकडील धर्मशास्त्रकारांनी ह्या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले होते. मनुस्मृतीत व्याजाला मर्यादा सांगितली आहे: रोख रकमेवर एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाइतके झाले की थांबावे. हाच दामदुपटीचा नियम. शंभराचे दोनशे होतील. तीनशे होणार नाहीत. नियम साधा, आणि कोणाच्याही लक्षात राहील असा. मात्र त्यात एक फट होती. मर्यादा थकलेल्या व्याजाला होती. वेळोवेळी चुकत्या केलेल्या व्याजाची त्यात मोजदाद नव्हती. शिवाय थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेतला, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. ही फट सावकारांना पक्की ठाऊक होती.

इंग्रजी अमलात १८५५ साली व्याजदरावर बंधन घालणारे कायदे रद्द झाले. पुढे १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांची केली. हेतू असा, की वर्षानुवर्षे व्याज साचू नये. घडले उलटे! दर तीन वर्षांनी सावकार व्याजासकट नवा रोखा लिहून घेऊ लागला आणि निरक्षर कुळाचा अंगठा त्यावर उठू लागला. अशातच अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ ह्या काळात कापसाचा भाव कडाडला आणि दख्खनच्या शेतकऱ्याला मागेल तितकी उधारी मिळू लागली. युद्ध संपले, भाव कोसळला, उधारीचे दार बंद झाले. सरकारने सारा मात्र वाढवून ठेवला होता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यात सुप्याच्या बाजारात शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या वह्या व रोखे मागून घेऊन जाळले. हा वणवा अहमदनगर जिल्ह्यापर्यंत पसरला. लोकांचा मुख्य रोख कागदावर होता, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. आपले कर्ज कशात राहते, हे त्या अडाणी म्हणविलेल्या माणसांनी अचूक ओळखले होते.

त्यानंतर चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. त्याने न्यायाधीशाला रोख्याच्या पाठीमागे जाऊन मूळ व्यवहार उकरून पाहण्याचा अधिकार दिला, हप्ते बांधून देण्याची मुभा दिली आणि कुळाला पावती व हिशेब मागण्याचा हक्क दिला. कायदा निर्दोष नव्हता. पण कर्जाला शेवट असला पाहिजे आणि तो दाखवून देण्याचे काम न्यायालयाचेही आहे, हे त्याने मान्य केले होते.

आता सुप्याच्या बाजारातून आपणांस एकदम अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो ह्या गावी न्यावयाचे आहे. कारण आजच्या कार्डाचे मूळ तेथे आहे. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लबचे कार्ड निघाले होते. परंतु त्याची सगळी रक्कम महिन्याच्या महिन्याला चुकती करावी लागे. बँक ऑफ अमेरिकेने सप्टेंबर १९५८ मध्ये फ्रेस्नोत वेगळाच प्रयोग केला. कोणी मागितलेली नसताना सुमारे साठ हजार कार्डे टपालाने घरोघरी पाठविली. वाटल्यास सगळे भरा, वाटल्यास थोडे भरा. राहिलेल्यावर दरमहा दीड टक्का व्याज. फिरते कर्ज ते हेच. आरंभी बँकेचे हात चांगलेच पोळले, थकबाकी अंदाजाच्या कितीतरी पुढे गेली, पण कल्पना टिकली. त्याच कार्डाला १९७६ मध्ये ‘व्हिसा’ हे नाव मिळाले. न मागता कार्डे पाठविण्यास अमेरिकेत १९७० साली बंदी झाली खरी. परंतु १९७८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की बँक ज्या राज्यात नोंदलेली असेल तेथला व्याजदर ती दुसऱ्या राज्यातील ग्राहकालाही लावू शकते. मग मोठ्या बँकांनी आपला कार्डांचा व्यवसाय व्याजाला मर्यादा नसलेल्या राज्यांत हलविला. दामदुपटीची फट सावकाराला सापडावी, तसाच हा प्रकार.

भारतात १९८० च्या सुमारास सेंट्रल बँक ऑफ इंडियाने कार्ड आणले. १९८४ साली बँकिंग कायद्यात एक कलम घातले गेले: बँकेने आकारलेला व्याजदर अवाजवी आहे, एवढ्या कारणावरून न्यायालयाने तो व्यवहार पुन्हा उघडू नये. १८७९ च्या कायद्याने जे दार उघडले होते, ते बँकांच्या बाबतीत असे बंद झाले. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डावर वर्षाला तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित प्रथा ठरविली; २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि व्याजदर हा रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला विषय असल्याचे सांगितले. किमान रक्कम भरूनही कर्ज वाढतच जाईल अशी आकारणी करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे. म्हणजे कर्ज फुगणार नाही. ते केव्हा संपेल, हे मात्र कोणी ठरवून देत नाही.

येथे थोडे अंकगणित करू. समजा, लाख रुपयांची थकबाकी आहे, व्याज दरमहा साडेतीन टक्के, त्या व्याजावर अठरा टक्के कर, आणि किमान रक्कम बाकीच्या पाच टक्के. बँकेबँकेत सूत्र वेगळे असते; पण तत्त्व हेच. पहिल्या महिन्यात भरले पाच हजार. त्यातले साडेतीन हजार व्याजात गेले, सहाशे तीस करात. कर्ज कमी झाले आठशे सत्तर रुपयांनी! पुढच्या महिन्यात बाकी किंचित उतरली म्हणून किमान रक्कमही किंचित उतरते, आणि घरच्यांना वाटते, ओझे हलके होत आहे. वर्षाअखेर सुमारे सत्तावन्न हजार भरलेले असतात आणि देणे उरते नव्वद हजार. कर्ज निम्म्यावर यायला साडेसहा वर्षे लागतात. मूल पाळण्यातले असेल तर ते तोवर शाळेत जाऊ लागते.

आता त्याच जोडप्याने उतरत्या आकड्याकडे पाहणे सोडले आणि दरमहा पाच हजारच धरून ठेवले, तर कर्ज चव्वेचाळीस महिन्यांत फिटते. एकूण भरणा सुमारे दोन लाख सोळा हजार. सावकाराच्या वहीतली दामदुपटीची रेघ येथे ओलांडली गेली आहे, आणि तरीही जुन्या नियमाने ती धरता आली नसती, कारण व्याज दर महिन्याला चुकते होत होते. दहा हजार काढता आले तर तेरा हप्ते पुरे आणि चौदावा साधारण सतराशे रुपयांचा. व्याज व कर मिळून बत्तीस हजारांच्या आत.

पाच हजारांचे दहा हजार करणे सोपे नसते, हे मी जाणतो. महिन्याचे भाडे, दूध, औषधे ह्यांतून ते निघावे लागतात. पुष्कळ घरांत ते निघतात ते दागिना गहाण ठेवून, किंवा कचेरीतील पतपेढीचे कमी व्याजाचे कर्ज काढून कार्डाची बाकी एकरकमी भरून. १९०४ च्या सहकारी कायद्यानंतर वाढलेल्या ह्या पतपेढ्यांना आपण जुनाट समजू लागलो आहोत. हप्ता ठरलेला आणि शेवटची तारीख ठरलेली, एवढ्या एका गुणासाठी मला त्या आजही मोलाच्या वाटतात. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मागची बाकी पूर्ण भरलेली नसेल, तर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. परवा आणलेल्या किराण्यावरही खरेदीच्या दिवसापासून व्याज चढते. म्हणून फेड चालू असताना कार्ड वापरातून काढून घ्यावे लागते. ते कपाटात, लग्नाच्या फोटोंच्या आल्बमखाली ठेवणारी घरे मला माहीत आहेत.

अमेरिकेत २००९ च्या कायद्यापासून विवरणपत्रावर दोन ओळी छापाव्या लागतात: नुसती किमान रक्कम भरल्यास कर्ज किती वर्षांनी फिटेल, आणि ते छत्तीस महिन्यांत फेडायचे तर दरमहा किती भरावे. आपल्याकडे किमान रकमेने फेड लांबते असा इशारा छापलेला असतो. पण आपल्या घरचा शेवटचा महिना कोणता, हे त्यावरून कळत नाही. तो आकडा नवराबायकोंनी रात्री मूल झोपल्यावर स्वयंपाकघरात बसून, जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या कागदावर, स्वतःच काढायचा असतो.