कागदावरची कोलोरॅडो

२४ नोव्हेंबर १९२२ रोजी अमेरिकेतील सांता फे येथे कोलोरॅडो नदीच्या पाणीवाटपाचा करार झाला. वाटाघाटींचे अध्यक्ष होते तेव्हाचे व्यापारमंत्री हर्बर्ट हूवर. खोऱ्यातल्या सात राज्यांचे वरचा आणि खालचा असे दोन गट पाडून प्रत्येकाला वर्षाला ७५ लाख एकर-फूट, आपल्या हिशेबाने सुमारे ३२७ टीएमसी, पाणी ठरले. १९४४ च्या तहाने मेक्सिकोला आणखी ६५ टीएमसी मिळाले. एकूण वाटप ७१९ टीएमसी.

नदीत एवढे पाणी होते का? करारापूर्वीची वर्षे विलक्षण ओली होती. जलशास्त्रज्ञ ई. सी. लारू यांनी १९२५ मध्येच पाणी पुरणार नाही असे बजावले. १९७६ मध्ये स्टॉकटन आणि जेकोबी यांनी झाडांच्या खोडातील वाढवलयांवरून कित्येक शतकांचा प्रवाह मांडला. सरासरी निघाली सुमारे ५८८ टीएमसी!

ही तूट हिशेबातली होती. त्यात तापमानवाढीची भर पडली. खोऱ्यात पडणाऱ्या पाण्याचा मोठा भाग बाष्प होऊन हवेत परततो. उरलेले नदीला मिळते. समजा, शंभरातले ८५ भाग हवेत जातात आणि १५ नदीत येतात. हवेने तीनच भाग जास्त ओढले, तर नदीचा पाचवा हिस्सा गेला. पाऊस तेवढाच, नदी मात्र रोडावते. शिवाय डोंगरावरचे बर्फ कमी झाले की उघडी जमीन जास्त ऊन शोषते आणि बाष्पीभवन आणखी वाढते. २०२० मध्ये मिली आणि डन यांनी हिशेब मांडला: तापमान एक अंशाने वाढले की कोलोरॅडोचा प्रवाह सुमारे ९ टक्क्यांनी घटतो. २००० ते २०१४ या काळातला प्रवाह विसाव्या शतकातील सरासरीपेक्षा १९ टक्के कमी होता. ऑगस्ट २०२१ मध्ये मीड जलाशयावर अवलंबून असलेल्या खालच्या खोऱ्यात प्रथमच अधिकृत टंचाई जाहीर झाली.

कृष्णेचा भूगोल वेगळा आहे. तिला बर्फाचा आधार नाही. पण पहिल्या कृष्णा लवादाने १९७३ मध्ये धरलेले २०६० टीएमसी हेही ७८ वर्षांच्या जुन्या नोंदींतूनच आले होते. उद्याची नदी कालच्यासारखीच वाहील, हे दोन्हीकडचे गृहीत. कोलोरॅडोवर ते कोसळले आहे. पाण्याचे वाटे ठोकळ आकड्यांत न बांधता दरवर्षीच्या प्रत्यक्ष प्रवाहाच्या प्रमाणात ठरवावेत, हा शंभर वर्षांच्या या इतिहासाचा धडा आहे.